किंमत कोणी मोजायची?

आजचा शास्त्रभाग : २ करिंथ ४:१-७



सुवार्ता सांगण्यात टिकून राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? समोरचा कंटाळला, दुखावला, तरी सांगतच राहायचं का?

कॉलेजमध्ये माझा एक रूममेट होता. चार वर्षं आम्ही एकाच मेसमध्ये जेवलो. नोकरीला लागल्यावर मी त्याच्या मागेच लागलो. रोज सकाळी एक वचन, दर शनिवारी 'उद्या चर्चला येतोस ना?' त्याचे वडील आजारी पडले, तेव्हाही मी आधी वचन पाठवलं आणि भेटायला गेलो आठवड्यानंतर. एक दिवस तो शांतपणे म्हणाला, "मी तुझा मित्र आहे की टार्गेट?" मग त्याने बोलणंच सोडलं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. ऑफिसात डबा उघडताना करायची प्रार्थना बंद केली. रविवारी कुठे असतोस असं कोणी विचारलं की म्हणायचो, "असतं काहीतरी काम." याला मी शहाणपण समजत होतो. खरं तर ती भीती होती.

आजच्या भागात पौल म्हणतो की ही सेवा देवाच्या दयेने मिळाली आहे, म्हणून आम्ही खचून जात नाही. पण लगेच पुढच्याच वचनात तो सांगतो की लपवाछपवी आणि लबाडी आम्ही टाकून दिली आहे, सत्य उघडपणे मांडतो आणि निवाडा प्रत्येकाच्या विवेकावर सोडतो. खचायचं नाही आणि युक्त्याही करायच्या नाहीत, या दोन्ही गोष्टी तो एका दमात सांगतो. मी आधी दुसरी विसरलो होतो, नंतर पहिली.

हे वाचताना मला आपल्या पुण्यातल्या पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा आणि निराधार मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार होते. रमाबाई मात्र आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्याबरोबर बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'ने टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आपण ही गोष्ट सांगताना पटकन एक बाजू घेतो. पण पालकांचा प्रश्न खोटा नव्हता. जिला दुसरा आसराच नाही, ती मुलगी आश्रय देणाऱ्या बाईच्या खोलीत येऊन बसते, तेव्हा ती खरंच मोकळी असते का? दुसरीकडे, आपल्याच खोलीत प्रार्थना करताना रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही. दार लावलं असतं तर ती लपवाछपवी झाली असती. त्यांनी कोणाला आत ओढलं नाही, आणि आलेल्याला हाकलूनही दिलं नाही.

या प्रसंगातून मला माझ्यासाठी एक कसोटी मिळाली. माझ्या साक्षीची किंमत कोण मोजतंय? समोरच्याला 'नाही' म्हणताना मैत्री, मदत किंवा माझ्या हातात असलेलं रेटिंग गमावण्याची भीती वाटत असेल, तर किंमत तो मोजतोय. तिथे मी थांबलं पाहिजे. पण किंमत माझी असेल, म्हणजे कोणी हसेल, कोणी टाळेल, नाव खराब होईल, तर तिथे मी टिकून राहायचं.

रमाबाईंनी आपली किंमत मोजली. माणसं गेली, पण त्यांनी काम सोडलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना आसरा दिला. पुण्यापासून रेल्वेने जवळच असलेल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन निघालं. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल असावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अनेक वर्षं भाषांतर करत राहिल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आणि कामातला उजवा हात. तरी भाषांतर थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेलं ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. त्यांनी स्वतः ते पाहिलं नाही.

आपल्याला मात्र महिन्याभरात रिझल्ट हवा असतो, स्प्रिंट संपला की डेमो दाखवल्यासारखा! पौल म्हणतो, आपण मातीची भांडी आहोत. ठेवा आतला आहे आणि सामर्थ्य देवाचं आहे. समोरच्याचं हृदय बदलणं हे माझं काम नाहीच.

मागच्या महिन्यात मी मित्राला मेसेज केला, 'काकांच्या आजारपणात मी आधी यायला हवं होतं. चुकलो.' त्यात एकही वचन टाकलं नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'ठीक आहे रे.' एवढंच. पुढे काय होईल माहीत नाही. पण डबा उघडताना मी पुन्हा डोळे मिटू लागलोय. कोणी विचारलं तर सांगतो, नाही विचारलं तर जेवतो.

मित्रांनो, आज स्वतःला विचारा : भीतीने मी कोणतं दार लावून घेतलंय? आणि कोणाला जबरदस्तीने आत ओढतोय?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तुझं नाव सांगायला मला लाज वाटू देऊ नकोस, आणि तुझ्या नावाने कोणावर दबाव आणू देऊ नकोस. जी किंमत माझी आहे ती आनंदाने मोजायला मला शिकव. आमेन.