सूर धरणारा

सनई शिकायला आलेल्या पोराच्या हाती जुने वाजंत्री आधी सनई देत नसत, सूर देत. दिसायला तो सनईसारखाच. पण त्याला भोके नसतात, आणि असली तर मेण लावून षड्जाला आणलेली असतात. त्यातून एकच स्वर निघतो. मांडवात थोरला सनईवाला राग फिरवत असतो आणि पोरगा त्याच्या कडेला बसून तो एक स्वर धरून ठेवतो. वरात येईपर्यंत, अक्षता पडेपर्यंत, पंगत उठेपर्यंत.

हे हलके काम आहे असे ज्याला वाटते त्याने अजून फुंकून पाहिलेले नाही.

स्वर एकदा लावला आणि राहिला, असे होत नाही. तो क्षणोक्षणी नव्याने लावावा लागतो. ओठ सैलावले की उतरतो, आवळले की चढतो. सनईला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. स्वर ओठांनी आणि दमानेच सांभाळायचा. चार तानांत एखादी चूक निसटून जाते. एकाच स्वरात ती सगळ्यांसमोर उभी राहते.

म्हणून पहिली सवय एकाच स्वराची. सुरुवात बारीक, मध्ये भर, शेवट पुन्हा बारीक, आणि हे सारे करताना स्वर तसूभर हलता कामा नये. कंटाळा येईल. कंटाळा येतो तिथपर्यंत हाताची हौस असते. कान त्यानंतर जागा होतो.

दम तुटू न देण्याची युक्ती सगळ्यांना सांगता येते: गालात हवा साठवायची, गालाने ती बाहेर ढकलायची आणि त्याच वेळी नाकाने नवी आत घ्यायची. साधायला मात्र महिने जातात. पेलाभर पाण्यात नळी धरून फुंकत राहावे. बुडबुड्यांची माळ तुटली की समजावे, श्वास घेताना गाल विसरला. हे डोक्याला लगेच कळते, गालाला उशिरा.

युरोपातला ओबो याच कुळातला. दोन पातळ पाती एकत्र बांधून केलेली पत्ती, मधल्या फटीतून फुंक. अख्खा वाद्यवृंद वाजण्याआधी त्याच्या एका स्वराला आपापली वाद्ये जुळवून घेतो. तिथल्या नवशिक्याची छाती भरून येते ती श्वास संपल्याने नव्हे, उरल्याने. फट इतकी अरुंद की हवा फारशी बाहेर जातच नाही. वापरलेली हवा छातीत अडून बसते आणि गुदमरायला होते. त्याला आधी श्वास सोडायला शिकवतात, मग घ्यायला. नवशिक्याने हे पहिल्याच आठवड्यात ऐकले तर त्याची बरीच भीती जाईल.

थांबण्याचे कुणी शिकवत नाही, आणि खरे तर तेच आधी शिकवायला हवे. ओठ थकले की स्वर पडू लागतो. तो वर राहावा म्हणून शिकणारा नकळत पत्ती चावतो. ते चावणे दोन-चार दिवस चालले की हाडीमाशी खिळते आणि मग काढता निघत नाही. ओठांच्या कडा थरथरू लागल्या की वाद्य खाली ठेवावे. दहा मिनिटे सकाळी, दहा दुपारी, दहा सांजेला. सलग अर्धा तास म्हणजे हे नव्हे. वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीत उभ्या केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे या शहराला मेहनत नवी नाही. एका दिवसात महिन्याचे दंड काढणाऱ्याचे काय होते हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. ओठही स्नायूच आहेत.

वेळ ठरलेली असावी. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून गावोगाव सायंप्रार्थना पोचवली. ज्या गावात ती टिकली तिथे ती वेळेमुळे टिकली, उत्साहामुळे नाही. उत्साह पोळ्यापर्यंत पुरतो.

आणि पत्ती. लग्नसराई वैशाखाची, अकोल्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला. अशा हवेत पत्ती बोलता बोलता कोरडी होते आणि स्वराऐवजी नुसता फुसका वारा येतो. वाजवणारा ती आधी तोंडात धरून ओलावतो, थोडा वेळ, लाळेचे पाणी तिच्यात मुरेपर्यंत. सनईला दोऱ्याने लटकलेल्या जादा पत्त्या शोभेच्या नसतात. एक रुसली की दुसरी. नवशिक्याने दोन-तीन पत्त्या आळीपाळीने वाजवाव्यात, वाजवून झाल्यावर हवेशीर सुकू द्याव्यात, ओल्याच डबीत कोंडू नयेत. आणि ब्लेड हाती घेऊ नये. पहिल्या वर्षी बिघाड पत्तीत क्वचित असतो, ओठांत नेहमी. पण पत्ती तासता येते आणि ओठ तासता येत नाहीत, म्हणून माणूस पत्तीच्या मागे लागतो.

पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी सनई मैफलीत बसवली, बिस्मिल्ला खाँनी ती जगभर नेली. खाँसाहेबांना 2001 साली भारतरत्न मिळाले, तरी त्यांचे मागणे म्हातारपणीही खऱ्या सुराचेच राहिले. आज वऱ्हाडातल्या बहुतेक मंगल कार्यालयांत सनई वाजते ती त्यांचीच, स्पीकरवरून. वाजवणे त्याहून चांगले कुठून आणणार? पण त्या स्पीकरशेजारी पोराला बसायला जागा नाही. ‘सूर सोडू नोको, बाप्पा,’ असे कोपराने ढोसून सांगणारे कुणी नाही. आपण वाजंत्र्यांचे पैसे वाचवले आणि त्यांच्या पंगतीतली शिकाऊ जागा घालवली. मला याचे फार वाईट वाटते. कारण ती जागा फुकट होती, रोजची होती, आणि तिथे चुकलेले पोर दुसऱ्याच्या रागात अडथळा आणत असल्याने लगेच सुधारत होते. बंद खोलीत चुकलेले कुणालाच टोचत नाही.

मोबाइलवरचा तानपुरा कामाचा आहे, लावून ठेवावा. मात्र तो न दमता वाजतो, आणि दमणारा सूर दमणाऱ्यालाच धरावा लागतो. म्हणून आज एकट्याने शिकणाऱ्याने आठवड्यातून एक संध्याकाळ गावातल्या भजनी मंडळात काढावी. पेटीवाल्याची पट्टी विचारून घ्यावी, मृदंगाच्या मागे, कुणाच्या अध्यातमध्यात न येता बसावे, आणि भजनीबुवा अभंग म्हणत असेपर्यंत त्यांच्या खाली एक षड्ज, अगदी हळू, धरून ठेवावा.