चेहऱ्याची नमुना-सही

माणसाने आपल्या धंद्याबाहेरची विद्या शिकू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मी बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली वीस वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काउंटरमागे बसून लोकांच्या नोटा मोजतो आहे. बरं चाललं होतं. पण मागच्या गणपतीनंतर इथल्या मंगल कार्यालयात मन ओळखणाऱ्या एका जादूगाराचा तिकीट लावून प्रयोग झाला, आणि घोटाळा तिथून सुरू झाला.

त्याने मला स्टेजवर बोलावलं. म्हणजे त्याने नुसतं "कुणीतरी या" म्हटलं आणि शेजारी बसलेल्या आमच्या शिपायाने मला ढकललं. जादूगाराने माझ्या हातात एक रुपया दिला. तो पाठीमागे कुठल्याही मुठीत लपवायचा आणि दोन्ही मुठी पुढे करायच्या. मी पाच वेळा लपवला, पाचही वेळा त्याने बरोबर मूठ सांगितली. मग माइकवर म्हणाला, "साहेब, तोंड गप्प राहिलं तरी डोळे बोलतात. डोळे वर उजवीकडे गेले की माणूस खोटं रचत असतो, डावीकडे गेले की खरं आठवत असतो."

टाळ्या पडल्या. मी मात्र सुन्न होऊन खाली उतरलो. वीस वर्षं एवढे डोळे समोर येत होते आणि मी मूर्खासारखा नोटांवरचे गांधीजी बघत होतो!

दुसऱ्याच दिवशी देहबोलीवरचं एक पुस्तक आणलं. नाकाला हात लावणारा खोटारडा, हाताची घडी घालणारा आतल्या गाठीचा, ज्याचे पाय दाराकडे तो पळपुटा. या हिशेबाने आमची अख्खी शाखा आत जायला हवी होती. मॅनेजरसाहेब दिवसभर हाताची घडी घालून बसतात. त्यांच्या डोक्यावरच ए. सी. आहे, हे मला फार उशिरा सुचलं.

घरी चिरंजीवांना विचारलं, "बेसनाचे लाडू कुणी संपवले?" त्याचे डोळे वर उजवीकडे गेले. मी ओरडलो, "पकडलं!" सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तिथे घड्याळ आहे. त्याच्या क्लासची वेळ झाली." लाडवांचा तपास तिथेच थांबला. तो पुढे न्यावा असं खुद्द तपास अधिकाऱ्यालाही वाटत नव्हतं.

इथपर्यंत गंमत होती. पुढचं सांगताना गंमत वाटत नाही.

दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब. मुकादमाची उचल घेतलेली असते. ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरमध्ये भांडी, गाठोडी, लेकरं, शेळी घालून ते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात, ते पाडव्याच्या सुमाराला परततात. अशाच एका सकाळी एक माणूस सहा हजार काढायला आला. स्लिप देताना हात कापत होता. माझ्याकडे बघेना. नजर सारखी दाराकडे, पायही दाराकडे. पुस्तकातलं बत्तिसावं पान चालत आल्यासारखं!

म्हटलं, "मामा, बसा जरा." पासबुक तपासलं, आधार कार्ड तपासलं, सही तीनदा ताडून पाहिली. सगळं बरोबर होतं. तरी आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेब चहाला गेले होते. तास गेला. तो बाकावरून उठायचा, दाराशी जायचा, पुन्हा बसायचा. माझी खात्री वाढत चालली.

तेवढ्यात कडेवर पोर घेतलेली एक बाई दारात आली. "आवं, डायवर निघतो म्हनतोय, चला की!"

बाहेर ट्रक उभा होता. त्या माणसाला सहा महिन्यांसाठी म्हाताऱ्या आईच्या हातावर पैसे ठेवून निघायचं होतं. मी नोटा मोजून दिल्या. त्याने दोन्ही हात जोडले, "उपकार झाले साहेब" म्हणाला आणि पळत गेला. तो चार शिव्या देऊन गेला असता तर मला जेवण गेलं असतं.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच सौ.ने विचारलं, "काय झालं?" मी "काही नाही" म्हटलं. तिने नुसतं पाहिलं. मग सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्याला विचारलं का नाही?"

वीस वर्षांत मी याहून अवघड ऑडिटला तोंड दिलेलं नाही.

मग दुसरी पुस्तकं चाळली. डोळे वर उजवीकडे म्हणजे खोटं, हा समज २०१२ साली मानसशास्त्रज्ञांनी तपासला, त्यात काही तथ्य निघालं नाही. २००६ साली दोन संशोधकांनी असे कितीतरी प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखणारी माणसं शंभरात चोपन्न वेळा बरोबर येतात. नाणं उडवलं तर पन्नास वेळा येतात. म्हणजे माझी सगळी विद्या नाण्याच्या वर चार टक्के! एवढं व्याज तर मुदत ठेवीवरही मिळतं. जादूगारांची बरीच करामत आधीच्या मांडणीत आणि हातचलाखीत असते, डोळ्यांच्या गोष्टी हे वरचं वेष्टन. त्यात त्यांचा दोष नाही. फसवून घ्यायला मी आपखुशीने तिकीट काढलं होतं. त्या ऊसतोड्याने कुठे तिकीट काढलं होतं?

पॉल एकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या चुकीला ऑथेल्लोचं नाव दिलं आहे. देवलांनी ज्याचा 'झुंजारराव' केला, तोच ऑथेल्लो. बायकोच्या चेहऱ्यावर भीती दिसली, हे त्याने बरोबर वाचलं. भीती कशाची, हे मात्र स्वतःच्या मनातून भरलं. मीही घाबरलेला माणूस बरोबर ओळखला होता. कारण तेवढं पदरचं घातलं.

लहानपणी दारात नंदीबैल यायचा. "पाऊस पडेल का?" म्हटलं की मान डोलवायचा. बैलाला ज्योतिष कळत नव्हतं, मालकाचा इशारा कळत होता. बर्लिनमध्ये १९०४ साली हान्स नावाचा घोडा असाच गाजला. टापा वाजवून गणितं सोडवायचा. १९०७ साली फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं तर घोडाही नापास! उत्तराची टाप पडली की विचारणारा नकळत जरासा ताठ व्हायचा, आणि तेवढं पाहून घोडा थांबायचा. त्या सकाळी काउंटरमागे बसून मीही मान डोलवत होतो. इशारा फक्त माझ्याच संशयाचा होता.

सही ताडायला बँकेत नमुना-सही असते. चेहऱ्याची नमुना-सही कुठे असते? सौ.कडे माझी आहे, वीस वर्षं जपलेली, म्हणून तिला माझं "काही नाही" कळतं. परक्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा समोर आला, तर तो कशाशी ताडायचा?

पाडव्यानंतर तो माणूस पुन्हा आला. नजर खालीच. जुनी खोड उसळली, पण आवरली. विचारलं, "मामा, काय बघताय?"

"पेन सांडला साहेब," तो म्हणाला, "तुमचाच हाय."