ताम्रपटांवरील पदे आणि कंठातील चाल

तिरुमला येथे श्रीवेंकटेश्वराच्या दर्शनास आपणांपैकी अनेकजण जाऊन आले असतील. तेथे मंदिरात हुंडीजवळ एक लहानशी दगडी खोली आहे. तिला संकीर्तन भांडार म्हणतात. दान अर्पण करण्याच्या गडबडीत तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संतकवी अन्नमाचार्य (१४०८-१५०३) यांनी श्रींच्या चरणी वाहिलेली संकीर्तने पुढे ताम्रपटांवर कोरून या खोलीत जतन केली गेली आणि १९२२ च्या सुमारास ती पुन्हा उजेडात आली. २,००० हून अधिक पट, त्यांवर सुमारे १२,००० पदे. काही संस्कृत, बहुतेक तेलुगू.

मात्र पदाच्या आरंभी केवळ रागाचे नाव आहे, स्वरलिपी नाही. आणि रागाचे नाव म्हणजे राग नव्हे. 'श्री' हा राग दक्षिणेत एका स्वरूपात गातात, उत्तर हिंदुस्थानी पद्धतीत अगदी निराळ्या. नाव तेवढे एकच! गळ्यातून गळ्यात येणारी चाल मध्येच खंडित झाली, तर तांबे ती परत देऊ शकत नाही. म्हणूनच आज कानी पडणाऱ्या चाली बहुतांशी विसाव्या शतकातील आहेत. राळ्ळपल्लि अनंतकृष्ण शर्मा (१८९३-१९७९) यांनी पदांचे संपादन केले, अनेक पदे स्वरबद्धही केली. १९७८ मध्ये तिरुमला तिरुपती देवस्थानने अन्नमाचार्य प्रकल्प सुरू केल्यावर या कार्यास गती आली.

मूळ चाल नव्हे, तर हे अन्नमाचार्यांचे संकीर्तन कसे, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. भक्तीच्या नावाखाली ती दडपू नये. मूर्ती पुरातन असली तरी पूजेला फुले आजचीच लागतात. मात्र आजचे फूल पाचशे वर्षांपूर्वीचे म्हणून वाहू नये. चाल नवी असल्यास चाल देणाऱ्याचे नाव सांगून गावे. सेवेत त्यामुळे काही उणे येत नाही.

आपल्याकडील भजनी मंडळांच्या जुन्या वह्या पाहाव्यात. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाचे नाव लिहिलेले असते. ते पद विस्मरणात गेले, की ही चालही गेली. अशी वही आपल्या घरी असल्यास ज्येष्ठांना आदराने बसवून त्यांच्याकडून पदे म्हणवून घ्यावीत व त्यांचे ध्वनिमुद्रण करावे. वही नंतरही उतरवून घेता येईल.