अन्न आणि आठवण



पन्नाशी ओलांडली की एखादे ओळखीचे नाव जिभेवर येऊन अडते आणि मन धास्तावते. मग कोणी बदाम सुचवितो, कोणी अक्रोड. आहाराने स्मरणशक्ती राखता येते काय, हा प्रश्न वैद्यकाचा आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ एक नैतिक प्रश्न येतो. ज्याची स्मृती ढळली, त्याने स्वतःच्या शरीराची हेळसांड केली असे आपण म्हणावे काय?

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० व्यक्तींवर एक प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाबादींवर देखरेख ह्यांची दोन वर्षे सांगड घातल्यावर बौद्धिक क्षमतेत थोडा, पण खरा लाभ दिसला, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत मात्र पालेभाज्या, कडधान्ये, मासे व अक्रोड ह्यांवर भर देणाऱ्या आहाराची ६०४ वृद्धांवर तीन वर्षे परीक्षा झाली. नेहमीचेच अन्न बेताने खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०२३ साली कळले. सकस आहार हितकर आहे, पण तो स्मृतीची हमी नव्हे. म्हणून विस्मृतीने ग्रासलेल्या माणसावर दोष ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तर मग आपली जबाबदारी संपली काय? मुळीच नाही. मांस, मासे, अंडी व दूध ह्यांतून मिळणारे बी-१२ जीवनसत्त्व उतारवयात शरीरात नीट शोषले जात नाही. त्याच्या उणिवेमुळे येणारा विसराळूपणा वेळीच उपचार केल्यास सुधारू शकतो. तरी आपण ‘वयच झाले’ म्हणून मोकळे होतो. मुले दूरच्या शहरी, घरी एकटी आई, आणि चूल एका माणसासाठी कशाला पेटवायची म्हणून चहा-बिस्किटांवर भागविलेली रात्र, हे चित्र आपल्या मंडळ्यांना अपरिचित नाही. वृद्धांच्या ताटात काय पडते, हे पुष्कळदा त्यांच्या हाती नसते. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा त्या ताटापर्यंत पोहोचते.

अनुवाद ह्या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात पोटभर जेवलेल्या इस्राएलाला देवाला न विसरण्याची ताकीद दिली आहे. विस्मृतीचे भय तेथे उपाशी माणसाविषयी नाही, तृप्त माणसाविषयी आहे. भाषांतर करताना ‘जाखर’ ह्या इब्री क्रियापदापाशी मी वारंवार थांबतो. त्याचा अर्थ केवळ आठवणे असा नाही. देवाने नोहाची आठवण केली तेव्हा वारा सुटला आणि पाणी ओसरू लागले. आठवण करणे म्हणजे त्या माणसासाठी काही करणे.

ज्या वृद्धेला प्रभुभोजनाचा अर्थ आता सांगता येत नाही, तिला मेजापासून दूर ठेवावे काय? पौलाने सांगितलेली आत्मपरीक्षा तिला जमणार नाही, हा आक्षेप मी जाणतो. परंतु करिंथ येथील मंडळीत काही जण भरपेट जेवत होते आणि काही उपाशी राहत होते, म्हणून तो इशारा देण्यात आला. तेव्हा परीक्षा प्रथम आपलीच व्हावी. तिला हात धरून मेजापाशी आणा. तिला प्रभूचे स्मरण राहिले नसेल, पण प्रभूला तिचे आहे. आणि उपासनेनंतर तिच्या घरी जाऊन पाहा, आज तिच्यासाठी चूल पेटली आहे काय.