चावी कोणाच्या हातात?

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच संमत झाला होता. महाडच्या नगरपालिकेनंही तो मान्य केला होता. तरी अस्पृश्य मानलेल्या जातींना तिथल्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि डॉ. आंबेडकरांमागे हजारोंना चालत जावं लागलं. पाण्याची कामं कोणाला मिळतात हे पाहताना मला तेच तळं आठवतं.

जलजीवन मिशननं २०१९ मध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं वचन दिलं आणि गावोगाव टाक्या उठल्या. निविदा ऑनलाइन निघते, म्हणजे दार सर्वांना उघडं. पण उंबऱ्यावरच बयाणा रक्कम, मागच्या वर्षांची उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव मागितला जातो. ज्याला पहिलं काम मिळालेलं नाही, त्यानं अनुभव आणायचा कुठून? लहान बांधकामांत मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी महाराष्ट्रानं हिस्सा ठेवला, ही समज मला फार मोलाची वाटते.

खरी चाळणी मात्र काम मिळाल्यावर लागते. मजुरी आठवड्याला चुकती करावी लागते, पाइपवाला उधारीवर फार दिवस थांबत नाही; बिल निघायला महिनोन्‌महिने जातात. जलजीवनच्या थकलेल्या बिलांसाठी राज्यातल्या ठेकेदारांना आंदोलनं करावी लागली. ज्याच्या घरी जुना पैसा आहे तो वाट पाहतो. दागिने गहाण टाकून उभा राहिलेला पहिल्या पिढीचा ठेकेदार पुढची निविदा भरतच नाही. त्याला कोणी अपात्र ठरवलेलं नसतं. म्हणून वेळेवर बिल देणं हा मला हिशेबखात्याचा नव्हे, समतेचा प्रश्न वाटतो.

एका कामाला मात्र अनुभवाचा दाखला कोणी मागत नाही: मैल्याच्या गटारात उतरण्याच्या. २०१३ च्या कायद्यानं ते धोकादायक काम माणसाकडून करून घ्यायला बंदी घातली. तरी माणसं मरतात, आणि बहुतेक त्याच, तळं बंद असलेल्या जातींची. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

कागदावरचं उघडं दार बायकांसमोरही आहे: गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा त्यांच्या. पाणी तपासायचं किट वापरायलाही त्यांनाच शिकवतात. त्यांना मोटार दुरुस्त करायला, नळ जोडायला शिकवा, आणि टाकीखालच्या व्हॉल्व्हची चावी पगारासकट त्यांच्या हातात द्या. कोणत्या वस्तीला आधी पाणी सुटतं, ते मग पाहू.