उसनी शक्ती

मनुष्याने थकावे की थकू नये, हा प्रश्न प्रथमदर्शनी कोणास विचित्र वाटेल. परंतु 'एनर्जी ड्रिंक' ह्या नावाने आज जी पेये घरोघर पोहोचली आहेत, त्यांचा विचार करू लागले की हाच प्रश्न पुढे येऊन उभा राहतो.

आमच्या बडोद्यातील गल्लीतला एक तरुण मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतो. कामावर निघताना कोपऱ्यावरील दुकानातून तो अशा पेयाची एक बाटली घेतो. मी एकदा त्यास म्हटले, "अरे, हे रोज कशाला?" तो म्हणाला, "तुला काय, तू नऊला झोपतोस. यंत्रापुढे डोळा लागला तर माझा हात जाईल." मला उत्तर सुचले नाही. पुढील विवेचन म्हणजे त्या न सुचलेल्या उत्तराचा शोध होय.

ही पेये मुळात श्रमिकांचीच. जपानात १९६२ साली 'लिपोव्हिटान डी' हे टॉनिक लहान बाटल्यांतून विकले जाऊ लागले. पुढे थायलंडात चालिओ युविध्या ह्यांनी 'क्राटिंग डेंग' काढले. ते पिणारे मुख्यतः मालमोटारींचे चालक व मजूर. डीट्रिख माटेशिट्झ ह्या ऑस्ट्रियन गृहस्थांनी त्यात वायू भरून १९८७ साली ते 'रेड बुल' म्हणून आपल्या देशात आणले, आणि मजुराची गरज ही महाविद्यालयीन तरुणाची ऐट झाली.

त्याच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ८० मिलिग्रॅम कॅफीन आणि २७ ग्रॅम साखर असते. साखर म्हणजे सहा-सात चमचे! अन्नाच्या अर्थाने ज्यास ऊर्जा म्हणावे ती एवढी साखरेचीच. तरतरी येते ती मात्र कॅफीनने. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते व तेच झोपेचा निरोप देते. कॅफीन त्याच्या बसण्याच्या जागा अडवून धरते. निरोप्या दाराबाहेर तिष्ठत राहतो, द्रव्य साचतच जाते, आणि कॅफीन ओसरले की सारा थकवा एकदम आत शिरतो. शक्ती मिळाली असे नव्हे. अशक्तता कळेनाशी झाली.

चहातही कॅफीन आहेच, आणि हा लेख चहा पीतच लिहिला आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु चहा स्वतःस शक्ती म्हणवून घेत नाही. आपल्या अन्नविषयक नियमांत ह्या पेयांचे नाव 'कॅफीनयुक्त पेय' असे सरळ आहे. लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि बालकांना व गर्भवतींना ते योग्य नाही असे वेष्टनावर छापावे लागते. ती बारीक अक्षरे कोण वाचतो? पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून अठरा वर्षांखालील मुलांना ही विक्रीच बंद केली. मुलांपुढे कोणते यंत्र असते की त्यांनी झोप अडवावी?

माझ्या मित्रापुढे मात्र यंत्र आहे. कॅफीनने सावधपणा वाढतो हे खरे, त्याचा हात वाचतो हेही खरे. म्हणून त्यास दोष देण्याचा अधिकार मला नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिनिद्रेबरोबर अतिजागरणही त्याज्य ठरविले आहे. पण ज्याचे जागरण दुसऱ्याने ठरविले, त्याने काय करावे? एखाद्या रात्रीचे कर्ज फेडता येते. वर्षानुवर्षे रोज घेतलेले कर्ज शरीरच फेडते, आणि त्या जागरणाचा लाभ बहुतांशी अन्यत्र जातो. म्हणून 'हे का पितोस?' ह्या माझ्या प्रश्नाचा रोखच चुकला होता. तुला झोपू का देत नाहीत, असे विचारावयास हवे होते. आणि तेही त्याला नव्हे.

गेल्या आठवड्यात काकडआरतीच्या वेळी तो पाळीवरून परस्पर देवळात आला. तीर्थ घेण्यापूर्वीच पायरीवर बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. मी हाक मारणार, तोच वडील म्हणाले, "राहू दे. त्याला उठवू नकोस."