पंप-ॲक्शन आणि हाताची सवय

अमेरिकेत ग्रीनकार्ड हाती पडले, शहराबाहेर घर झाले, की आपल्या मंडळींच्या गप्पांत कधी ना कधी बंदुकीचा विषय निघतोच. तो अगदीच निराधार असतो असेही नाही. २०११ ते २०१४ या काळात एका टोळीने जॉर्जिया, न्यूयॉर्क, मिशिगन, टेक्सास अशा राज्यांत भारतीय आणि इतर आशियाई कुटुंबे हेरून दरोडे घातले होते. आपल्या घरात सोने असते हे चोरांनाही ठाऊक आहे. मग कुणीतरी सल्ला देतो: पिस्तुलाच्या नादी लागू नकोस, सरळ पंप-ॲक्शन शॉटगन घे. स्वस्त, दणकट, कधी दगा न देणारी. त्यावरचा प्रश्नही ठरलेला, रेमिंग्टन ८७० की मॉसबर्ग ५००?

माझे म्हणणे असे की ही बंदूक दगा देत नाही ते तिच्यामागे सरावलेला हात असेल तेव्हाच, आणि कंपनीची निवड करण्याआधी त्या हाताचा विचार व्हायला हवा.

पंप-ॲक्शनची कीर्ती खोटी नाही. जॉन ब्राउनिंगने घडवलेली ‘विंचेस्टर १८९७’ ही पंप-ॲक्शन पहिल्या महायुद्धात खंदकांत उतरली, तेव्हा जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये अमेरिकेकडे रीतसर निषेध नोंदवला होता. रेमिंग्टन ८७० बाजारात आली १९५० साली, आणि आजवर तिचे एक कोटीहून अधिक नग निघाले. मॉसबर्ग ५०० तिच्यानंतर दहाएक वर्षांनी आली आणि तीही त्याच पंक्तीत बसली. अर्धस्वयंचलित बंदूक पुढचे काडतूस भरायला बाराचा वायू किंवा धक्का वापरते. काडतूस हलके निघाले किंवा आत काजळी साचली, की ती अडते. पंपाला यातले काही लागत नाही. नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, पुढे ढकलली की नवे आत जाऊन बसते. ताकद सगळी तुमच्या हाताची.

मेख इथेच आहे. क्ले शूटिंगच्या, म्हणजे उडत्या तबकड्या फोडण्याच्या, मैदानावर नवख्या माणसाकडे पाहावे. पहिली तबकडी फुटते, तो खूश होतो. दुसरी उडते तेव्हा घाईत त्याने मूठ मागे नेलेली असते, पण शेवटपर्यंत नाही. बोटभर अंतर राहून गेलेले असते. रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे मात्र वर येतच नाही. तो चाप दाबतो आणि नुसतीच ‘टक’ होते. यालाच तिकडे ‘शॉर्ट स्ट्रोक’ म्हणतात. बंदूक धडधाकट, चूक हाताची. उन्हात, मित्रांसमोर, अंगावर कुणी येत नसताना हे होते. रात्री दोन वाजता, घशाला कोरड पडलेली असताना काय होईल ते वेगळे सांगायला नको.

८७० की ५०० याचा निकाल दुकानात पाच मिनिटांत लागू शकतो. ८७० चा सेफ्टीचा खटका चापाच्या मागे आडवा असतो, ५०० चा वर, अंगठ्याखाली. डावखुऱ्याला दुसरा सोयीचा. रेमिंग्टनचे २०१८ आणि २०२० मध्ये दोनदा दिवाळे निघाले आणि इलियन गावातला त्यांचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद झाला, तेव्हा ८७० घ्यायचीच तर चांगल्या स्थितीतली तिची जुनी ‘विंगमास्टर’ आवृत्ती मला नव्यापेक्षा बरी वाटते. त्याहून महत्त्वाचा आहे तो दस्ता. कारखान्यातून येणारा दस्ता बहुधा उंचपुऱ्या अमेरिकी माणसाच्या मापाचा असतो. घरातल्या कमी उंचीच्या माणसाला तो लांब पडतो, मूठ पुरती मागे येत नाही, आणि १२ गेजचा धक्का एकदा खांद्याला बसला की ती व्यक्ती पुन्हा बंदुकीला हात लावत नाही. आखूड दस्त्याची, कमी धक्का देणारी २० गेज बंदूक घरातल्या दोघांनाही झेपत असेल, तर कपाटात पडून राहणाऱ्या १२ गेजपेक्षा ती केव्हाही चांगली.

मैदान आणि घर यांच्या मागण्या उलट्या आहेत. उडत्या तबकडीसाठी २८ इंची नळी लागते, घराच्या बोळात साडेअठरा इंचांची बरी. कायद्याची किमान मर्यादा १८ इंच आहे, त्यामुळे त्याखाली जाण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही बंदुकांची नळी सहज बदलता येते, आणि दोन नळ्यांचा संच घेणे मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते. कारण आखूड नळीची बंदूक फक्त ‘वेळ आली तर’ म्हणून घेणारा माणूस मैदानावर फिरकत नाही. तबकड्यांची गोडी लागलेला जातो, आणि मूठ शेवटपर्यंत ओढण्याची सवय त्याला आपोआप लागते.

दोन समजुती मात्र सोडून द्याव्यात. एक, मूठ ओढल्याचा ‘खडाक’ आवाज ऐकूनच चोर पळतो. पळेलही, पण तुम्ही कुठे उभे आहात हेही त्याला त्याच आवाजाने कळते. दुसरी, छर्रे पसरतात म्हणून नेम धरावा लागत नाही. खोलीभर अंतरावर ते जेमतेम मुठीएवढ्या जागेत जातात. आणि नेम चुकला तर अमेरिकी घरांच्या जिप्समच्या भिंती जाड छर्ऱ्यांना अडवत नाहीत. पलीकडे मुलांची खोली असते.

नोव्हेंबर २०१३ मध्ये मिशिगनमधल्या डिअरबॉर्न हाइट्स इथे पहाटे एका घराचे दार ठोठावले गेले. बाहेर १९ वर्षांची मुलगी होती. काही तासांपूर्वी तिच्या मोटारीला अपघात झाला होता. घरमालकाने बंद जाळीच्या दारातून मॉसबर्ग पंप-ॲक्शन झाडली. ती मेली. बंदुकीत काडतूस आहे हे माहीत नव्हते, असे त्याने आधी पोलिसांना सांगितले. पुढे कोर्टात स्वसंरक्षणाचा बचाव केला. २०१४ मध्ये ज्युरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले. त्या पहाटे बंदुकीने आपले काम चोख केले होते, हे ‘विश्वासार्ह’ बंदूक शोधणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

१९८६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने सिएटल परिसराचा एक अभ्यास छापला. बंदूक असलेल्या घरांतच त्या बंदुकीने झालेले ३९८ मृत्यू त्यात तपासले होते. त्यांतल्या ३३३ आत्महत्या होत्या, स्वसंरक्षणात मारले गेलेले ९. बंदूक पाहून पळालेले चोर यात मोजलेले नाहीत आणि मृत्यूंत पिस्तुलांचा वाटा मोठा होता, हे आक्षेप मला मान्य आहेत. तरीही कुलूपबंद पेटी हा खरेदीचाच भाग मानावा, नंतर कधीतरी घ्यायची वस्तू नव्हे. बंदूक पडली तर काय, याचाही विचार हवा: या दोन्ही बंदुकांचा खटका फक्त चाप अडवतो, म्हणून घरात ठेवताना नळी रिकामीच असावी.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारा शेतकरी निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करतो, आणि बंदूक कशासाठी हवी हे त्याला सरकारला पटवून द्यावे लागते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत दुकानातला फॉर्म भरून पार्श्वभूमीची तपासणी झाली की काम होते. कशासाठी, हे कोणी विचारत नाही. ते आपले आपल्यालाच विचारावे लागते. एच-१बी व्हिसावर असणाऱ्यांना तर केंद्रीय कायद्याने, शिकारीच्या वैध परवान्यासारखे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगताच येत नाही; मित्राची बंदूक घरी ठेवून घेणेही त्यात आले.

मैदानावर नियमित जाणे जमणार नाही असे ज्याला आधीच वाटते, त्याला मी बंदूक सुचवत नाही; त्याने आधी दार मजबूत करावे. अमेरिकी घराच्या दाराची चौकट मऊ पाइनची, आणि कुलपाची पट्टी तिला इंचभर स्क्रूंनी बसवलेली असते. एका लाथेत निघते. तिथे तीन इंची स्क्रू घालावेत, ते मागच्या लाकडापर्यंत पोचतात. आणि सोने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे.